शुल्क दिल्लीत उतरतं, भाव मोंढ्यात पडतो: गावोगावचं जाळं कशावर विणायचं?

मांजराकाठ

राम राम मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

२०२१ चा पावसाळा आठवा. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं होतं. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात दोघांनी ट्रॅक्टरचा ॲडव्हान्स भरला. ऑगस्टात केंद्रानं जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड बाहेरून आणायला मुभा दिली आणि आमचा नवा माल उतरेपर्यंत भाव पार बसला. डिसेंबरात सोयाबीनचा वायदेबाजार (पुढच्या महिन्यांच्या भावाचे सौदे) बंद झाला. २०२४ ला हमीभाव क्विंटलला ४८९२ होता. मी विकलं ४१५० नं, कारण सरकारी खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत थांबायला घरात पैसा नव्हता. २०२५ च्या मे महिन्यात कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून १० वर आणलं. त्याच ऑगस्टात कापसावरचं ११ टक्के शुल्क काढलं, आणि नंतर ती सूट वर्षअखेरपर्यंत वाढवली. तुरीची आयात तर २०२१ मध्येच मोकळी केली होती.

माझे आजोबा निजामाच्या काळात लेव्हीचं (सक्तीच्या वसुलीचं) धान्य द्यायला नाही म्हणणाऱ्यांत होते. लेव्ही वसूल करणारा घोड्यावर बसून गावात यायचा. सावकाराचा वाडा गावातच होता. समोर कोण आहे ते त्या माणसांना दिसायचं. आज ब्राझीलमधलं पीक, मलेशियातलं पामतेल, दिल्लीतली अधिसूचना आणि माझं चौदा पोती सोयाबीन एकाच दोरीत बांधलेत, पण ती दोरी ओढणारा हात दिसत नाही. आपण तहसीलवर मोर्चा नेतो, निवेदन देतो, पोच घेतो, घरी येतो. चार महिन्यांनी परत तेच.

म्हणून विचारतो: दोन मोर्च्यांच्या मधल्या दिवसांत काय करायचं? पाच-पन्नास गावांचं विरोधाचं, टिकणारं जाळं विणायचं असेल तर ते कशावर? पक्षाच्या झेंड्यावर टिकत नाही, हे मी तीनदा पाहिलंय. तुमच्याकडं काही टिकलं असेल तर सांगा. मोडलं असेल तर ते का मोडलं तेही सांगा.

कोरडवाहू

मनातलं लिहिलंत भाऊ. सांगण्यासारखं आहे, पण आज रातपाळीची लाईट आहे, तुरीला पाणी द्यायला निघालो. उद्या सविस्तर लिहितो.

लाल बिल्ला

मांजराकाठ, तळमळ समजली, पण तुम्ही केलेलं निदान मला पटत नाही.

मी शेतकरी संघटनेच्या १९८४ च्या परभणी अधिवेशनाला बापाच्या खांद्यावर बसून गेलेला माणूस. आमचे नेते शरद जोशींनी जागतिक व्यापार खुला करण्याच्या डंकेल प्रस्तावाला पाठिंबा दिला तेव्हा सगळे त्यांच्यावर तुटून पडले होते. ते सांगत होते ते एवढंच, की आपल्या शेतकऱ्याला सबसिडी मिळत नाही, उणे सबसिडी मिळते. म्हणजे सरकारच भाव दाबून त्याच्याकडून वसुली करतं. आता तुमचीच यादी वाचा. त्यात बाजार कुठं आहे? सगळीकडं सरकार आहे. मे २०२२ ला गव्हाची निर्यात बंद, जुलै २०२३ ला बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची, डिसेंबर २०२३ ला कांद्याची. त्याच वर्षी तुरीवर साठ्याची मर्यादा. आयातीचं दार उघडं आणि निर्यातीचं दार बंद, याला जागतिकीकरण म्हणत असाल तर शब्दाचा अर्थ बदलावा लागेल.

२०१९ ला अकोला जिल्ह्यात आमच्या लोकांनी तणनाशक सहन करणारं कपाशीचं बी उघडपणे पेरून सत्याग्रह केला, तो तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्यासाठी होता. शेतकऱ्याला कुंपण नको, मोकळीक हवी. तुम्ही ‘विरोधाचं जाळं’ म्हणता तेव्हा मला भीती वाटते, की शेवटी आपण पुन्हा सरकारलाच म्हणू, आमच्याभोवती कुंपण घाल.

मांजराकाठ

लाल बिल्ला, निर्यातबंदीचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. माझ्या यादीत ते यायला हवं होतं. पण दार उघडायचं की लावायचं हे ठरवताना तुम्ही-आम्ही तिथं नसतो, हे तर दोन्ही वेळेला खरं आहे. दाराची किल्ली कुणाच्या कमरेला आहे, माझा प्रश्न तिथून सुरू होतो.

बालाघाटची लेक

ताईभाऊंनो, वाचून वाईट वाटलं म्हणून लिहिते. वर तिघांनी लिहिलं आणि तिघांच्याही बोलण्यात ‘शेतकरी’ म्हणजे सातबारावाला. माझे आई-वडील या घडीला सांगलीकडं एका साखर कारखान्याच्या ऊसतोडीच्या फडात आहेत. दिवाळी झाली की कोपी (पाचटाची झोपडी) बांधायला निघायचं, ते पाडव्याला परत. आमच्याकडं तीन एकर खडक आहे, सातबाराही आहे, पण पोट कोयत्यावर.

जाळ्याचंच विचारता ना? बीड जिल्ह्यातलं सगळ्यात पक्कं जाळं मुकादमाचं, म्हणजे तोडणीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराचं आहे. कुणाच्या पोरीचं लग्न कधी, कुणाची म्हातारी दवाखान्यात, कुणाला किती उचल दिली की तो बांधला जाईल, हे सगळं त्याला पाठ. माणसाची नड त्याला कळते, म्हणून माणूस त्याच्या हातात राहतो. आपल्या कार्यकर्त्याला यातलं काय माहीत असतं? तो फक्त मोर्च्याच्या आदल्या दिवशी फोन करतो.

आणि बदल होत नाही असंही नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवून मिळाला, तो कोयता बंद ठेवण्याची ताकद होती म्हणून. पण खाडा झाला की दंड, पाळी आली तरी सुट्टी नाही, आणि त्या धाकानं बायका गर्भपिशवी काढून टाकतात, यावर संघटना कितीतरी वर्षं गप्पच होत्या. २०१९ ला बोंब झाली तेव्हा राज्य सरकारनं समिती नेमली, ८२ हजारांवर महिलांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. माझी चुलती त्यातलीच, तिशीतली. ही गोष्ट बाहेर आली ती बायका एकमेकींशी बोलल्या म्हणून. साखर जगभर विकली जाते, तिच्या भावाची चर्चा रोज होते, आणि चुलतीच्या पोटाचा हिशोब त्यात कुठंच नसतो.

तुमच्या जाळ्यात आम्ही आहोत का? असलो तर कुठल्या रांगेत?

उंबरठा

लेकी, तुझ्या प्रतिसादानंतर मी फोन बाजूला ठेवून बराच वेळ नुसती बसले होते. पुढच्या प्रत्येकानं याचं उत्तर देऊनच लिहावं.

जालन्याचा पाटील नाही

माझी आई शेडनेटमध्ये क्रॉसिंगला जायची. नर वाणाच्या फुलाचा पराग चिमटीनं मादी वाणाच्या फुलावर ठेवायचा, फुलामागून फूल, सकाळभर. जालना, देऊळगाव राजा या पट्ट्यात टोमॅटो, मिरची, ढोबळीचं बी असंच तयार होतं. पाकिटावर कंपनीचं नाव, आतल्या प्रत्येक बीमागं बायकांची बोटं.

बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये मंजुरी मिळाली. सुरुवातीला ४५० ग्रॅमचं पाकीट सोळाशेच्या पुढं होतं. २००६ ला ते साडेसातशेवर आलं. कसं आलं, हे आज फार थोड्यांना आठवतं. आंध्र सरकार मक्तेदारीविरोधी आयोगाकडं गेलं, रॉयल्टी अवाजवी आहे हे कागदावर मांडलं, आणि त्या रेट्यात दर उतरले. पुढं २०१५ ला केंद्रानं बियाण्याचा दर ठरवायचा आदेश काढला, रॉयल्टी घटत घटत २०२० ला शून्य झाली. म्हणजे कागद लढता येतो. आपल्याकडं घोषणा देणारे ढीगभर आहेत, कागद वाचणारे कमी पडतात.

दुसरी बाजूही सांगतो. नांदेडच्या संशोधन केंद्रानं काढलेला एनएचएच ४४ हा संकरित कापूस एके काळी आमच्या कोरडवाहू रानांचा लाडका होता. बीटीच्या लाटेत तो दुकानातून दिसेनासा झाला. त्याला कुणी बंदी घातली नव्हती, मागायलाच कुणी उरलं नाही. नंतर गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेनाशी झाली तेव्हा मागं वळून पाहिलं, तर मागची वाट बुजलेली. लाल बिल्ला, तुमच्या मोकळिकीत माझा एक प्रश्न आहे: दुकानात एकाच गोष्टीची चाळीस पाकिटं असतील तर निवड किती उरते?

(आयडीचं विचारतात म्हणून: जालन्यात मला सगळे पाटील म्हणतात, मी नाही. आमचं घर मातंग वस्तीत.)

शिफ्ट बी

वाळूजला कंपनीत आहे, म्हणजे ठेकेदाराकडं आहे. गाव वैजापूर तालुक्यात. नीम ट्रेनी (सरकारी योजनेतला शिकाऊ कामगार) म्हणून लागलो, मग हेल्पर, मग दर काही महिन्यांनी ब्रेक देऊन नव्यानं भरती. आमच्या लाईनवर परमनंट चार, बाकी सगळे आमच्यासारखे. युनियन परमनंटची. आमचा पगार थकला की गावाकडून दाणे येतात, गावाकडं पाऊस थकला की इकडून पैसे जातात. शेतकरी वेगळा, कामगार वेगळा असं कुणी म्हटलं की नवल वाटतं. आमच्या घरात एकच ताट आहे.

सुट्टी रविवारी. बैठक ठेवाल तर रविवारीच ठेवा.

गायरान

बालाघाटच्या लेकीनं रांगेचं विचारलं. आमच्याकडं तर रांगेत उभं राहायलाच जागा नव्हती, ती मिळवावी लागली.

१९९१ म्हटलं की सगळ्यांना जुलैमधला उदारीकरणाचा अर्थसंकल्प आठवतो. मला त्याच वर्षीचा २८ नोव्हेंबरचा शासन निर्णय आठवतो: १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची दलित-आदिवासी-भटक्यांची अतिक्रमणं नियमित करायचा. तो आपोआप आला नाही. आणि आल्यावरही गावागावात तो लागू करून घ्यायला मानवी हक्क अभियानाच्या एकनाथ आवाडांसारख्या माणसांना उभं आयुष्य घालावं लागलं. त्यांचं काम मी लहानपणी पाहिलंय. आधी पेरणी, मग मोर्चा. पंचनाम्यात पीक लिहून घ्यायचं, दंडाची पावती जपायची, कारण तीच पावती पुढं कब्जाचा पुरावा. एका बाईनं ती पावती लुगड्याच्या गाठीत बांधून सोळा वर्षं ठेवली होती. ती माझी आजी.

आता त्याच गायरानांवर सौर प्रकल्प येताहेत. वीज हवीच, सूर्याशी आमचं भांडण नाही. पण ज्या जमिनीवर तीस-चाळीस वर्षं आमच्या ज्वारीची ताटं उभी राहिली, ती कागदावर ‘पडीक शासकीय’ म्हणून देता येते, हे आम्हाला मोजणीवाले आल्यावर कळलं. म्हणून मांजराकाठ, माझं उत्तर सरळ आहे. जाळं कागदावर विणा. प्रत्येक गावात एक पेटी असावी आणि तिच्यात सगळ्यांचे उतारे, पावत्या, मोंढ्यातल्या विक्रीच्या पट्ट्या. पेटीची किल्ली गावातल्या ज्या बाईवर सगळ्यांचा भरवसा असेल तिच्याकडं.

देवगिरी

जानेवारी २००४ मध्ये जागतिक सामाजिक मंच, म्हणजे जगभरच्या चळवळींचा मेळावा, मुंबईत गोरेगावला भरला होता. आम्ही देवगिरी एक्स्प्रेसनं तेवीस जण गेलो. मी तेव्हा पंचविशीत. कोरियाचे शेतकरी, ब्राझीलचे भूमिहीन, केरळचे मच्छीमार. भाषा कळत नव्हती तरी ढोल वाजले की सगळे नाचायचे. रस्त्यापलीकडं वेगळा तंबू होता, मुंबई प्रतिरोध नावाचा. त्यांचं म्हणणं होतं की नुसत्या चर्चेनं काही होणार नाही. आम्ही दोन्हीकडं फिरलो. कर्नाटकातल्या रयत संघाची माणसं भेटली, त्यांनी १९९२ ला बेंगळूरमध्ये कारगिल या अमेरिकी कंपनीच्या कचेरीत घुसून कागद बाहेर फेकल्याचं सांगितलं. लाल बिल्ला, गंमत बघा: त्याच डंकेलवर रयत संघाचे नेते नंजुंडस्वामी एका टोकाला आणि शरद जोशी दुसऱ्या टोकाला. दोघांच्याही मागं लाखो शेतकरी. म्हणजे प्रश्न तेव्हाही सोपा नव्हता.

आता का मोडलं ते सांगतो. परत आल्यावर तालुक्याला समिती केली. अध्यक्ष, सचिव, लेटरहेड. तीन बैठका झाल्या. चौथ्या बैठकीत बोलायला विषयच नव्हता, कारण आमच्यात रोजचं काम काहीच नव्हतं. जगाबद्दल सगळ्यांचं एकमत होतं, पण शेजारच्या गावात युरियाची टंचाई चालू होती आणि त्याचा आम्हाला पत्ता नव्हता. तेवीस जणांपैकी आज सहा जण एकमेकांच्या लग्नकार्याला जातो. तेवढंच उरलं.

त्या चार दिवसांची किंमत मी आजही कमी मानत नाही. आपल्यासारखीच माणसं जगभर आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण ते पाहून झाल्यावर घरी करायला काम हवं.

टाळकरी

देवगिरींचं वाचून आमची दिंडी डोळ्यांपुढं आली. नरसी नामदेवाजवळचं गाव आमचं. दिंडीला कचेरी नाही, पण विणेकरी ठरलेला, चोपदार ठरलेला, मुक्काम ठरलेला. कुठल्या गावात पिठलं-भाकरी कुणाच्या घरची, हे तीन पिढ्या चालत आलंय. यजमान मेला तर पोरगा वाढतो. माणसं बदलतात पण जागा रिकामी राहत नाही. भिशी गोळा होते, हिशोब सगळ्यांसमोर वाचतात.

जाळं विणायचं तर आपल्याकडं हा घाट आधीच आहे. सप्ताहाला दारोदार वर्गणी मागायला आपल्याला लाज वाटत नाही, मग गावाच्या स्वतःच्या वजनकाट्यासाठी का वाटावी?

उंबरठा

टाळकरी, सुंदर. फक्त एक: सप्ताहाच्या पंगतीत वाढायला कोण आणि हिशोबाच्या वहीपाशी कोण, हेही बघू. आमच्या बचत गटात आठ वर्षं वही माझ्याकडं आहे. पाच गावच्या बायका आम्ही फायनान्सवाल्यांचा आठवड्याचा हप्ता कुणाचा कुठं अडकलाय ते एकमेकींना सांगतो. पूर्वी वसुलीवाला एकेकीला गाठून रडवायचा. आता तो आला की आम्ही नऊ जणी दारात बसतो, त्याला पाणी देतो आणि कागद दाखव म्हणतो. व्याज कमी झालं नाही अजून. पण रडणं थांबलंय.

कोरडवाहू

उशीर झाला, माफी. आता आमच्या सहा गावांचं सांगतो, परभणी जिल्ह्यातलं.

२०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही, आठवत असेल. औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली इतकी ओरड होती. माझी सात एकराची दुबार पेरणी झाली. त्या वर्षी गावच्या पारावर एक जुनी गोष्ट कुणीतरी काढली: सोयाबीनचं फूल स्वतःच फळतं, घरचं बी दोन-तीन वर्षं सहज चालतं, मग दरवर्षी पिशवी का घ्यायची? कायद्यानंही आडकाठी नाही. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याचं ३९ वं कलम शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा, विकायचाही हक्क देतं. फक्त ब्रँड लावून विकता येत नाही.

मग कामाला लागलो. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे एमएयूएस १५८ आणि ६१२, दोनच वाण धरले. मळणी यंत्राचे फेरे कमी ठेवायचे, नाहीतर साल तडकते. पोती उंचावरून टाकायची नाहीत, थप्पी पाच-सहाच्या वर नाही, खाली लाकडी फळ्या. आणि मे महिन्यात उगवण तपासणी: शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, रोज पाणी शिंपडायचं, सहा-सात दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. सत्तरच्या वर असले तर पेरायचं, खाली असले तर बियाण्याचं प्रमाण वाढवायचं, फारच कमी असले तर ते बी मोंढ्यात.

हे सगळं कुठल्याही पुस्तिकेत सापडेल. पण जाळं यातच तयार झालं, ते असं. गोणपाट उघडायचा दिवस सहाही गावांत एकच ठेवला. शाळेची पोरं कोंब मोजतात, फळ्यावर गावाचं नाव आणि आकडा लिहितात. पहिल्या वर्षी आमच्या गावचा आकडा सगळ्यात खाली आला, एकसष्ट. शेजारच्या गावानं न मागता बी पाठवलं, सवाईनं परत द्यायच्या बोलीवर. त्या दिवसापासून सहा गावं एकमेकांना बांधली गेली. मग एका बैठकीत ओलावा मोजायचा मॉइश्चर मीटर घेतला वर्गणीतून. मोंढ्यात ओलावा किती लावतात आणि आपल्या मीटरवर किती येतो, दोन्ही पट्टीच्या मागं लिहायचं. २०२४ च्या नोव्हेंबरात सरकारनं हमीभावाला ओलाव्याची अट १२ वरून १५ टक्के केली, तेव्हा केंद्रावर वाद घालायला आमच्याकडं आकडे होते. आमचा माल परत गेला नाही.

बालाघाटच्या लेकी, तुला उत्तर द्यायचंय. आमच्या सहा गावांत बी राखायचं काम जवळजवळ सगळं बायका करतात, आणि त्यातल्या अर्ध्या मजुरीला जाणाऱ्या आहेत, त्यांच्या नावावर वावर नाही. आम्ही बियाण्यातला वाटा त्यांना मजुरी म्हणून दिला, हक्क म्हणून नाही. हे चुकलं. पुढच्या बैठकीत मी हा विषय काढणार.

परभणी-जिंतूर रोड

कोरडवाहूंना दंडवत. आमच्या गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण सकाळच्या गुलाबाच्या फुलांखाली पट्टीचे फोटो गाडले जातात. सातव्या गावाला घ्याल का?

लाल बिल्ला

कोरडवाहू, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. यात सरकारला कुंपण मागितलेलं नाही, स्वतःचं वजन स्वतः केलंय. हे मला मान्य आहे, अगदी मनापासून. आयातशुल्कावर माझं मत तेच राहील आणि मांजराकाठांचं त्यांचं. पण ओलावा, कडता (वजनातली कपात), हमाली यावर आपलं भांडण नाही. मोंढ्यातला वीस वर्षांचा अनुभव आहे. पट्टी कशी वाचायची, कुठली कपात नियमात बसते आणि कुठली नाही, हे मी शिकवीन. जालन्याच्या भाऊंच्या चाळीस पाकिटांवर विचार करतोय. लगेच उत्तर नाही माझ्याकडं.

मांजराकाठ

मी विचारलं होतं जाळं कशावर विणायचं. इतक्या जणांनी इतक्या गोष्टी हातावर ठेवल्या: पट्टी, पावती, गोणपाट, वही. माझ्याच मांडणीत एक खोट होती, ती आता दिसते. मी दोरी ओढणारा हात शोधत होतो आणि माझ्या रानात सोयाबीन काढणाऱ्या बायकांना या धाग्यापर्यंत एकदाही विचारलं नव्हतं, की तुमचा हिशोब काय. काल विचारलं. दोघींची पोरं वाळूजला आहेत, एकीचा नवरा फडात.

आयातीचा मुद्दा सोडत नाही. शुल्क बदललं की आठ दिवसांत प्रत्येक गावानं आपापल्या पट्ट्यांतून ‘आधी काय, नंतर काय’ असा एका पानाचा तक्ता करायचा आणि तो घेऊनच खासदाराकडं, वर्तमानपत्राकडं जायचं. पन्नास गावांचे पन्नास तक्ते एका दिवशी गेले तर त्याला निवेदन म्हणून पोच देऊन वाटेला लावता येणार नाही.

एकदा समोरासमोर बसू. अंबाजोगाई सगळ्यांना मधलं पडेल. फेब्रुवारीचा दुसरा रविवार चालेल?

शिफ्ट बी

रविवार आहे, येतो. आमच्या लाईनवरचे दोघं आणतो.

गायरान

पेटी कशी लावायची ते दाखवायला आजीची पावती आणीन.

बालाघाटची लेक

फेब्रुवारीत नको. आमची माणसं तेव्हा फडात असतात. मी एकटी आले तर पुन्हा तेच होईल, आमच्या वतीनं कुणीतरी बोलेल. आईला स्वतः बोलू दे. पाडवा होऊन गाड्या परत आल्या की ठेवा.

मांजराकाठ

पाडव्यानंतरचा दुसरा रविवार. गाड्या आल्या की तू इथं लिही, मग जागा पक्की करतो.